पोचट राक्षस, लाडकी राजकन्या

मी राक्षसाची बाजू घेऊन लिहायला बसलो आहे. आधीच सांगून टाकतो, मागाहून कटकट नको. अद्‌भुत कथा-कादंबऱ्यांतला राक्षस, कपटी प्रधान, मांत्रिक, सावत्र राणी ह्या मंडळींवर मराठी लेखकानं दीडशे वर्षांपासून अन्याय चालवला आहे. त्यांना वाईट ठरवलं ही माझी तक्रार नाही. त्यांना धड वाईट होऊच दिलं नाही, ही तक्रार आहे.

शेंगेत दाणा भरला नसला की आमच्याकडं त्याला पोचट म्हणतात. कारंज्याच्या बाजारात व्यापारी मूठभर माल तळहातावर घेतो, फुंकर मारतो, पोचट उडून जातं आणि भाव पडतो. साहित्याच्या बाजारात अशी फुंकर कुणी मारत नाही. तिथं पोचट मालच 'रम्य' म्हणून खपतो.

राक्षस कसा असतो ते पाहा. ताडासारखा उंच, सुळे बाहेर, डोंगरात किल्ला, हाताशी मायावी विद्या. पाहिजे तेव्हा वाघ होईल, पाहिजे तेव्हा धूर होईल. आणि मरतो कशानं? पोपटाची मान मुरगळल्यानं. साता समुद्रापलीकडच्या पिंजऱ्यात ह्यानं जीव ठेवलेला, आणि ही गोष्ट सांगतो कुणाला? ज्या राजकन्येला पळवून आणली, तिलाच! तिनं दोन गोड शब्द बोलून विचारलं आणि ह्या महामायावी गाढवानं पत्त्यासकट सांगून टाकलं. एवढी विद्या ज्याला येते त्याला एवढी अक्कल नसेल काय? अक्कल असती. पण लेखकाला घाई आहे. राजकन्येला संध्याकाळच्या आत सोडवायचं आहे, म्हणून राक्षसाला सकाळीच मूर्ख करून ठेवलं.

'चांदोबा'चे जुने अंक मी रद्दीतून किलोच्या भावानं आणले. १९४७ साली मद्रासेत तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालेल्या 'चंदामामा'ची ही मराठी आवृत्ती, पुढं बंद पडली. माझ्या मायला अक्षर येत नाही. मी वाचून दाखवायचो, ती तूर निसता निसता ऐकायची. एकदा मधेच म्हणाली, "थ्या राकेसाच्या घरी सैपाक कोन करते रे?"

मी हसलो, पण हा प्रश्न मला समीक्षेच्या कोणत्याच पुस्तकात सापडला नाही. खरंच, कोण करतं? त्याला बायको आहे काय? त्याच्या किल्ल्यात झाडलोट कोण करतं, पाणी कोण भरतं? त्या लोकांना तो वाईट वाटतो की अन्नदाता वाटतो? ह्यातलं काहीच लेखकाला ठाऊक नसतं. कारण राक्षसाचं घर त्यानं पाहिलेलंच नाही. तो राक्षसाला दारातून आत आणतो, आरोळी ठोकायला लावतो आणि मारतो. ज्याला घर नाही, पोट नाही, ज्याच्यावर कुणी अवलंबून नाही, तो वाईट तरी कशासाठी वागेल? वाईट वागण्याला कारण लागतं, फायदा लागतो, चार माणसांचा पाठिंबा लागतो. आपल्याला जे लोक छळत आले त्यांच्याकडं हे तिन्ही भरपूर होतं आणि वर पोथीचा आधार.

आता राजकन्या. ती गोरी असते हे सांगायला नको. ती रडली की हरणं चरायची थांबतात. ती रानात हरवली तर फळं हाताशी येतात, वाघ पाय चाटतो, साधू अंगठी देतो. वारा, पाऊस, पशुपक्षी, सगळं रान लेखकानं तिच्या सेवेला लावून ठेवलेलं. तिला एकही निर्णय घ्यावा लागत नाही, म्हणून तिचा एकही निर्णय चुकत नाही. कधी कधी लेखक तिला गरिबाच्या झोपडीत वाढवतो. आपल्याला वाटतं, चला, एक तरी आपल्यातली पोरगी निघाली. शेवटच्या पानावर दंडावरचा तीळ दिसतो आणि ती राजाची हरवलेली लेक ठरते. म्हणजे तिचे गुण झोपडीतले नव्हतेच, रक्तातले होते! ज्या म्हातारीनं तिला चौदा वर्षं पोसलं तिला एक मोहरांची थैली देऊन वाटेला लावतात. आणि दासी? राजकन्येच्या जागी पांघरूण घेऊन निजणारी, तिच्या ऐवजी विष पिणारी? बहुतेक गोष्टींत तिला नावसुद्धा नसतं.

ही पोरखेळाची गोष्ट नाही. मराठी कादंबरीचा पायाच ह्या मातीत आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ साली निघाली. सद्‌गुणी नायिका, तिच्यावर दुष्टांनी आणलेली संकटं आणि शेवटी सज्जनांचा जय. लोकांनी ती डोक्यावर घेतली आणि पुढं तिच्या वळणाच्या कादंबऱ्यांची रांग लागली. १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' आली. रिसबुडांनी प्रस्तावनेत अद्‌भुत लिहिण्याचं कारण दिलं आहे आणि ते वाचून माझं डोकं तडकलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लग्नाच्या चालींमुळं आणि दुसऱ्याही काही कारणांमुळं आपल्या हिंदू लोकांच्या आयुष्यात सांगण्याजोगे दुर्गुणही नाहीत आणि सद्‌गुणही नाहीत. रोजचं लिहावं तर ते चटकदार होत नाही. म्हणून अद्‌भुताकडं वळावं लागतं.

सांगण्याजोगं काही नाही! १८६८ साल. महाराच्या सावलीचा विटाळ चालू. विहिरी बंद. विधवांची डोकी भादरली जात आहेत. आणि लेखकाला चटकदार दुर्गुण सापडत नाही म्हणून तो हवेतला दुष्ट मागवतो.

'मुक्तामाला'च्या सहा वर्षं आधी, १८५५ साली, पुण्यात दुसऱ्या एका मुक्तानं लिहिलं होतं. मुक्ता साळवे. जोतीराव फुल्यांच्या शाळेतली मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असं तिनं सरळ विचारलं. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडी-पावसात त्यांचे हाल होतात, हे तिनं लिहिलं. तिच्या लिखाणातला दुष्ट पोचट नाही. त्याच्याकडं राज्य आहे, ग्रंथ आहे, तालमीची जागा आहे जिच्यासमोरून मांग-महारानं जायचं नाही. आणि तिच्यासाठी एकही हरीण चरायचं थांबत नाही.

दोन मुक्ता. एक सगळ्या वाङ्‌मयाच्या इतिहासांत आहे. दुसरीला आपल्या लोकांनी ओढून वर काढलं तेव्हा ती दिसायला लागली.

माझा मुद्दा आता नीट मांडतो. लेखक दुष्टाला दुबळा का करतो? कौशल्य नाही म्हणून, हे अर्धंच उत्तर झालं. दुष्ट दुबळा ठेवला की तो एकट्यानं मरतो. त्याच्या पाठीमागं जो नियम उभा असतो त्याला धक्का लागत नाही. प्रधान कपटी होता, त्याला हत्तीच्या पायी दिला, राज्य मात्र जसंच्या तसं. राजा तोच, खजिना तोच, वेशीबाहेरचे वेशीबाहेर. आणि नायिका लाडकी ठेवली की तिच्या सुखालाच न्याय म्हणता येतं. तिचं लग्न झालं, गावात साखर वाटली, संपलं.

आमच्या गावाचंच उदाहरण घेतो. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचं जन्मगाव, गुरुमंदिराला लांबून लोक येतात. भक्तीशी मला इथं कर्तव्य नाही, मी 'गुरुचरित्र' गोष्ट म्हणून वाचतो. त्यात दोन गर्विष्ठ ब्राह्मण येतात. वेदांत आमच्याशी वाद करा नाहीतर जयपत्र द्या, म्हणून गावोगाव फिरणारे. गाणगापुरात गुरू त्यांची जिरवतात. रस्त्यानं जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावतात. पोथी त्याला पतित म्हणते. जमिनीवर सात रेघा ओढतात. एकेक रेघ ओलांडली की त्याला एकेक मागचा जन्म आठवतो, आणि सातव्या रेघेला तो ब्राह्मण होऊन वेद बोलायला लागतो. त्या दोघांची दातखीळ बसते, पुढं ते ब्रह्मराक्षस होतात.

इथवर टाळ्या. मलाही लहानपणी बरं वाटलं होतं. पण पुढं वाचा. तो माणूस म्हणतो, मी आता ब्राह्मण आहे, असाच राहीन. त्याची बायको लेकरं घेऊन येते तर तिला तो जवळ येऊ देत नाही. मग त्याच्या अंगावरचं भस्म पाण्यानं धुऊन काढतात. ज्ञान गेलं, जुनी जात परत आली, तो घरी गेला. आणि ह्याच गोष्टीत कोणत्या पापानं कोणत्या नीच जन्माला जावं लागतं त्याची यादी.

ते दोन ब्राह्मण इतके फुशारकीखोर का रंगवले ते आता कळतं. शिक्षा फुशारकीला झाली. वेद कुणी बोलावे आणि कुणी बोलू नयेत ह्या नियमाला कुणी हातही लावला नाही. उलट तो आणखी पक्का झाला. पाण्याच्या एका घागरीनं वेद धुऊन निघतात, जात निघत नाही, असं गोष्टच सांगते. खलनायक पोचट केल्याचा एवढा मोठा फायदा मी दुसऱ्या कुठल्या गोष्टीत पाहिला नाही.

उलटी बाजूही आहे. बळीची गोष्ट घ्या. पुराणकारानं त्याला असुर म्हटलं, पण दुबळा करायचं विसरला. बळी पराक्रमी आहे, दानशूर आहे, दिलेला शब्द मोडत नाही. मग त्याला पाताळात घालायला बुटकं सोंग घेऊन भीक मागायला जावं लागलं. असा खलनायक लोक विसरत नाहीत. बळीचं राज्य येवो असं आपल्या आयाबाया दिवाळीला आजही म्हणतात, वामनाचं येवो असं म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी'त दशावतार उलटा करून वाचला तो ह्याच फटीतून आत शिरून. खंडोबा, म्हसोबा हे त्यांनी बळीच्या राज्यातले अधिकारी ठरवले. व्युत्पत्ती बरोबर की चूक यावर पंडितांनी वाद घालत बसावं. वाचणं कशाला म्हणतात ते जोतीरावांनी दाखवलं.

लोककथाही पुष्कळदा लेखकांपेक्षा शहाणी असते. जेजुरीच्या खंडोबानं मणी आणि मल्ल हे दैत्य मारले. पण मरता मरता ते मागणं मागतात. मणीला देवाजवळ जागा मिळाली, आणि मल्लानं आपलं नाव देवाच्या नावाआधी लावून घेतलं. मल्लाचा अरी तो मल्हारी. हरतानासुद्धा सौदा करणारा दैत्य! त्याचं वजन देवाला मान्य करावं लागलं. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात तर रावणाची मूर्ती आहे आणि गाव तिला पुजतं. बाणाईचं मात्र वाईट वाटतं. गाण्यांतली बाणाई झणझणीत धनगरीण, म्हाळसेशी कडाकडा भांडणारी. पण कुणाला तरी ते सोसलं नाही, आणि एका कथेत ती इंद्राची मुलगी निघाली, धनगराला रानात सापडलेली. झाली लाडकी! दंडावरचा तीळ तिलाही चिकटवला. २०१४ ते २०१७ 'जय मल्हार' मालिका घरोघरी चालली तेव्हा आमच्या आळीतल्या बायका कामं आटपून बाणूसाठी बसायच्या. त्यांना इंद्राशी काही घेणंदेणं नव्हतं, सवतीला उत्तर देणारी बाई पाहिजे होती.

प्रस्थापितांत कुणाला हे जमलंच नाही असं मी म्हणणार नाही. हरी नारायण आपट्यांनी १८९० पासून 'करमणूक'मध्ये 'पण लक्षात कोण घेतो?' छापली. त्यातले शंकरमामंजी वाचताना मला घाम फुटला. त्यांच्याकडं जादू नाही, सुळे नाहीत, घरातला वडीलकीचा आवाज आहे आणि शास्त्र आहे. आपट्यांचा यमूवर केवढा जीव! तरी त्यांनी तिला वाचवली नाही, तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरतो. लेखकानं नायिकेवर प्रेम करावं, वशिला लावू नये. ते घर आपलं नव्हे, पण कामाची पद्धत उचलण्यासारखी आहे.

दर दसऱ्याला रावण जाळतात. बांबू, कागद, फटाके. दहा तोंडं असतात पण एकाही तोंडाला बोलायला वाक्य दिलेलं नसतं. दहा मिनिटांत खलास, आणि पुढच्या वर्षी वर्गणी काढून पुन्हा उभा. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला कुठल्या पुढाऱ्याचा किंवा भटाचा पुतळा जाळला नाही, मनुस्मृती जाळली. दुष्ट कुठं राहतो ते त्यांना अचूक ठाऊक होतं. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) मध्ये तेच आहे. नायक कवी आणि कामगार. त्याला मान देणारा माणूसच जात कळल्यावर त्याच्यावर तुटून पडतो. आणि मार कुणी मारला ह्याचं उत्तर बागूल त्या माणसाच्या नावानं देत नाहीत, मनूच्या नावानं देतात. त्या कथेत मारणारा माणूस आपल्यासारखाच गरीब, कष्टकरी आहे. म्हणूनच ती अजून झोपू देत नाही.

आता आपल्या घरात येतो, मित्रांनो. रागावू नका, रागावलात तरी वाचा.

बागुलांच्या नंतर साठ वर्षांनी आपली पोरं जयंतीच्या स्मरणिकेत, वाचनाच्या बैठकीत ज्या कथा आणतात, त्यांतला पाटील कसा असतो? मिशा, धोतर, हातात आसूड, पहिल्या पानावर शिवी, तिसऱ्या पानावर आपल्या बहिणीवर हात, सहाव्या पानावर विहिरीत. त्याच्या घरी सैपाक कोण करतं ते आपल्यालाही ठाऊक नाही! आणि नायिका? दहावीला जिल्ह्यात पहिली, कधी न घाबरणारी, पाटलाच्या तोंडावर दोन पानं भाषण देणारी. भाषण संपलं की अख्खी वस्ती टाळ्या वाजवते. ही मुक्तामालाच आहे, निळा पदर घेतलेली. आपण तिला न्याय देत नाही, लाड करतो.

मी हंगामात जिनात काम करतो, सरकी-रुईत. कोणतं जिन ते महत्त्वाचं नाही. तिथं एक मुकादम आहे. मिशा नाहीत. हंगामाआधी उचल देतो, मायच्या गुडघ्याची चौकशी करतो. माझी कविता छापून आली तर त्यानं अंक चार जणांना दाखवला. आणि जिथं तंतू नाकातोंडात जाऊन रात्रभर खोकला लागतो, तिथं आमच्याच वस्तीतली माणसं लावतो. काट्यावर, वहीवर एक नाही. मी विचारलं. तो हसून म्हणाला, "तुमच्या लोकायले जमते बाप्पा थे काम. दमाचे लोक हा तुमी. दुसऱ्याचं काम नाई थे." शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. त्यानं कौतुक केलं. चातुर्वर्ण्य सगळं त्या कौतुकात होतं आणि त्याला स्वतःला ते कळलंही नसेल. त्याच्या घरी सैपाक कोण करतं ते मला ठाऊक आहे. बायको दम्यानं आजारी, तोच करतो, आणि पोरगी नर्सिंगला आहे, तिची फी आहे. ह्याला कथेत आणा, विहिरीत न ढकलता.

हे जमलं नाही तर नुकसान कथेपुरतं राहणार नाही. आपला कार्यकर्ता पोरगा गोष्टीतला पाटील डोक्यात घेऊन गावात जातो. तिथं त्याला आसूडवाला कुणी भेटत नाही. भेटतो तो १४ एप्रिलला हार घेऊन येणारा, मंडपाला वर्गणी देणारा, भाषणात 'बाबासाहेब सगळ्यांचे' म्हणणारा, आणि दुसऱ्या दिवशी गायरानाच्या अर्जावर सही न करणारा. पोरगा त्याच्या पाया पडून येतो. त्याला शत्रू ओळखताच येत नाही, कारण आपण त्याला सुळेवाला शत्रू शिकवला. आणि दहावीत नापास झालेली, भाषण न येणारी, पाटलासमोर पाय लटपटून खोटी साक्ष दिलेली आपली पोरगी? ती कुठल्या कथेत जाईल? जिल्ह्यात पहिली येणारी एकच असते, मित्रांनो. बाकीच्यांना आपण पण दासीसारखं बिननावाचं ठेवणार काय?

पुढच्या अंकासाठी मला एक कथा पाहिजे. सात रेघा ओलांडून गेलेल्या त्या माणसाची बायको. लेकरं घेऊन आली, नवरा म्हणाला जवळ येऊ नको. मग धुतलेला, ओलाकच्च नवरा घेऊन ती घरी परत गेली. पोथीत ती येते आणि जाते. त्या रात्री घरी काय बोलणं झालं असेल? लेकरांनी बापाला काय विचारलं असेल? तो सकाळी उठून पुन्हा गावकीच्या कामाला गेला तेव्हा त्याला सातवी रेघ आठवत होती की नव्हती? आणि तिनं त्याला भाकर वाढली की नाही? गुरूला शिव्या घालून कथा भरू नका, त्या दोन ब्राह्मणांनाही वाक्यं द्या. बायांनी लिहिली तर जास्त बरं. कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात. पत्ता मागच्या पानावर आहे.

जयभीम.